सीपीआर, सीआरपी आणि दोन फायली

कोल्हापुरात सीपीआर म्हणजे दवाखाना. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे नाव पाटीवर. रिक्षावाल्याला नुसतं ‘सीपीआर’ म्हणायचं. त्यामुळं २०२१ च्या मे महिन्यात एका खासगी कोविड सेंटरमधून डॉक्टरांचा फोन आला आणि ते म्हणाले, “आईंचा सीआरपी वाढलाय, बघू आता,” तेव्हा मी ऐकलं ते असं, की आईला सीपीआरला हलवायचंय. धाकट्या भावाला म्हटलं, गाडी काढ. त्यानं काढलीही. व्हीनस कॉर्नरला पोचल्यावर मी परत फोन लावला, “किती वाजता हलवणार?” पलीकडं दोन सेकंद शांतता. मग, “कुणाला?”

सीआरपी ही शरीरात दाह किती आहे ते सांगणारी रक्ताची तपासणी असते हे मला त्या दिवशी कळलं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर आकडेच बघतो. वितळलेल्या लोखंडाचा स्पेक्ट्रो (म्हणजे त्यात काय किती आहे याची तपासणी), वाळूतला ओलावा, ओतताना मेटलचं तापमान. कुठला आकडा किती सरकला की पुढं रिजेक्शन वाढणार हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तरी आईच्या रिपोर्टांपुढं मी अडाणी ठरलो, आणि तीन वर्षांनी स्वतःच्या पायाचे रिपोर्ट हातात आले तेव्हाही अर्धाच शहाणा झालो होतो. आईची फाइल हिरवी, माझी निळी. कपाटात एकावर एक ठेवल्यात. एकीत विषाणू, दुसरीत मोडलेलं हाड, आणि आतली पानं मात्र बरीचशी सारखी.

आधी हिरवी.

त्या वर्षी राज्यात बाकी ठिकाणी लाट ओसरायला लागली तरी कोल्हापूर काही हटायला तयार नव्हतं. जून उलटला तरी आपला जिल्हा यादीत वर. आईला ताप आला मेच्या मध्यावर. पहिले पाच दिवस घरीच. सीआरपी १२, ऑक्सिजन ९७, आई चुलीजवळ. सातव्या दिवशी ताप उतरल्यासारखा झाला आणि आम्ही सगळे सैल पडलो. आठव्या दिवशी सकाळी ती मोरीपर्यंत जाऊन आली आणि बोटाला लावलेल्या यंत्रात ९१ दिसलं. दुपारी ॲडमिट. सीआरपी ९६.

आत कुणाला सोडत नव्हते. आईशी दिवसातून एकदा फोन. “मी जेवलो. भात खाल्लो. तू गोळ्या खाल्लास काय?” आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, जेवलो, आलो, गेलो, तिथं विदर्भातून आलेली एक सिस्टर होती, ती पहिल्यांदा ऐकून गोंधळली होती म्हणे. बाकी सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. संध्याकाळी सहाच्या सुमारास रिपोर्टाचा फोटो यायचा आणि आमच्या घरच्या ग्रुपवर सोळा माणसं एकदम डॉक्टर व्हायची. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, आयएल-सिक्स, एलडीएच. ज्या आकड्यापुढं लॅबनं ठळक केलंय तेवढ्याला गोल करून परत टाकायचं. पुण्याच्या आत्याचा मुलगा त्याच्या सासऱ्यांचे आकडे टाकायचा. “आमचा आयएल-सिक्स ४० होता, तुमचा ६४?” सोयाबीनचा भाव विचारावा तसं.

मला तेव्हा वाटायचं, यातला प्रत्येक आकडा म्हणजे विषाणू किती आहे याचं माप. तसं नाही हे समजायला बराच वेळ गेला. यातलं काहीही विषाणूचं नसतं, सगळं आपलंच असतं. सीआरपी यकृत बनवतं. शरीरात कुठं पेटलं की तिथल्या पेशी आयएल-सिक्स नावाचा निरोप सोडतात, तो रक्तातून यकृतात पोचतो आणि यकृत सीआरपी ओतायला लागतं. हा पदार्थ सापडला १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघं न्यूमोनियाच्या पेशंटांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूचा ‘सी’ नावाचा एक अंश होता, त्याच्याशी या पेशंटांच्या रक्तातलं काहीतरी चिकटून साका बनायचा. पेशंट बरा झाला की बनायचा बंद व्हायचा. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे नाव त्यावरून. म्हणजे वाढणं आणि ओसरणं, दोन्ही पहिल्या दिवसापासून त्यात होतं. आम्ही फक्त वाढण्याला घाबरत बसलो.

आता घोटाळ्याचं सांगतो, कारण तो आजही आठवला की कान गरम होतात. दहाव्या दिवशी सेंटरची नेहमीची लॅब बंद होती. तिथल्या कुणाला तरी लागण झाली असणार. रक्त दुसरीकडं गेलं. संध्याकाळी फोटो आला: सीआरपी ११.२. कालपरवाचा ९६ आणि आज ११.२! ग्रुपवर हात जोडलेले, फुलं, फटाके. आत्यानं अंबाबाईची ओटी बोलली होती. देऊळ बंद, म्हणून तिनं घरातच पाटावर तांदूळ, नारळ मांडून फोटो टाकला. भावानं मला मिठी मारली, जे आमच्यात होत नाही. मी डॉक्टरांना फोन लावला तो जवळजवळ अभिनंदन करायलाच.

ते थकलेले होते. “फोटो मोठा करा. आकड्याच्या पुढं काय लिहिलंय?”

“एमजी...”

“एमजी पर काय?”

मी बोटांनी फोटो ताणला. डीएल. आधीच्या सगळ्या रिपोर्टांवर नुसतं एल.

“डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. ११.२ ला दहानं गुणा. ११२ झाला. परवापेक्षा थोडा जास्तच आहे, पण ऑक्सिजन वाढवायला लागलेला नाही. ठीकाय.”

मी, जो रोज कारखान्यात पोरांना ओरडतो की आकड्याला युनिट नसेल तर तो आकडाच नव्हे, मी ग्रुपवर परत जाऊन ते कसं सांगितलं असेल याची कल्पना करा. आत्याला सांगितलंच नाही. तिची ओटी तशीच राहू दिली. त्यानंतर डी-डायमर बघताना मी आधी युनिट वाचायचो, कारण त्यात तर याहून जास्त भानगडी. नॅनोग्रॅम, मायक्रोग्रॅम, आणि मोजायच्या दोन पद्धती, ज्यांच्यात साधारण दुपटीचा फरक पडतो.

त्याच डॉक्टरांनी दोन दिवसांनी मला खरी गोष्ट शिकवली, तीही रात्री साडेअकराला फोनवर, चहा पिता पिता. म्हणाले, “तुम्ही पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याचं पाणी बघता की नाही?” कोल्हापुरातला माणूस आणि ते बघत नाही असं होतंय का? ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. जुलै-ऑगस्टमध्ये पोरं शाळेत पाढे म्हणतात तशी आम्ही फूट-इंच म्हणतो. “मग पाणी ४१ फूट आहे एवढंच कळलं तर तुम्ही सामान माडीवर चढवता?” नाही. आधी विचारतो, चढतंय का उतरतंय. तासाला किती इंच. राधानगरीचे दरवाजे उघडलेत का. आणि घर कुठल्या गल्लीत आहे. “तेवढंच सीआरपीला विचारायचं,” ते म्हणाले. “शरीर सीआरपी साधारण १९ तासांत निम्मं करतं, तो वेग बहुतेक बदलत नाही. म्हणजे आकडा खाली येत नसेल तर अर्थ एकच, वरून पाणी अजून येतंय. दरवाजे बंद व्हायचेत.”

आईला स्टेरॉइड चालू होतं, डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम. त्याचा निकाल ऑक्सफर्डच्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीतून २०२० च्या जूनमध्ये आला होता: व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा शून्य. आमच्या गल्लीत मात्र आजाराच्या दुसऱ्याच दिवशी, नुसता ताप असताना, स्टेरॉइड चालू केलेले चार जण मला माहीत आहेत. यावर फार बोलत नाही. पण स्टेरॉइडनं रिपोर्टाचं काय होतं ते ऐका. सीआरपी खाली येतो, ते बरं. पांढऱ्या पेशी वाढतात, त्यातल्या न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट दबतात. म्हणजे एक आकडा सुधारल्यासारखा दिसतो, दुसरा बिघडल्यासारखा, आणि दोन्हींत औषधाचा हात. शिवाय आईची साखर ३१० वर गेली.

लिम्फोसाइटवर डॉक्टरांचं लक्ष सीआरपीहून जास्त असायचं. आईचे ९ टक्के होते. “टक्के नका बघू. एकूण पांढऱ्या पेशी ६,२०० , त्याचे ९ टक्के किती?” साडेपाचशेच्या आसपास. विषाणूशी लढणारी मुख्य फौज हीच, आणि तीच एवढी. न्यूट्रोफिल ८६ टक्के. ८६ भागिले ९, साडेनऊ. धडधाकट माणसात हा भागाकार एक ते तीनच्या मध्ये असतो. ब्रातिस्लाव्हाच्या झाहोरेक नावाच्या डॉक्टरनं २००१ मध्ये सुचवलेला हा हिशेब. अतिदक्षता विभागातल्या पेशंटांवर किती ताण आहे ते साध्या सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवरून, कळावं म्हणून. आयएल-सिक्सला दर वेळी दीड-दोन हजार मोजणाऱ्या मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. सीबीसी तर रोजच होत होती.

आणि ते इंजेक्शन. टोसिलिझुमॅब. त्या महिन्यात या शब्दासाठी माणसं बेळगावपासून मुंबईपर्यंत फोन फिरवत होती. आयएल-सिक्सचा निरोप जिथं पोचतो ते दारच ते बंद करतं. रिकव्हरी चाचणीनंच फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं होतं की ऑक्सिजन ९२ च्या खाली किंवा बाहेरून ऑक्सिजन चालू, आणि सीआरपी ७५ च्या वर असलेल्यांना ते दिलं तर मृत्यू शंभरात ३३ वरून २९ वर येतात. शंभरात चार. जीव टांगणीला लागलेला असताना शंभरात चार हे प्रमाण माणसाला ऐकूच येत नाही. त्याला ‘मिळालं तर वाचेल’ एवढंच ऐकू येतं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, “हातात असतं तर कदाचित दिलं असतं. नाहीये. आईंना ऑक्सिजन वाढवायला लागत नाहीये, चोवीस तास थांबू.” आणि जाता जाता एक सांगितलं: ते दिल्यावर सीआरपी पडतो, कारण यकृताला निरोपच पोचत नाही. पूर ओसरला म्हणून नव्हे, बंधाऱ्यावरची पट्टीच काढून घेतली म्हणून.

बाराव्या दिवशी ४४. चौदाव्याला १५. लिम्फोसाइट २१ टक्के. अठराव्या दिवशी आई घरी आली आणि दारातच म्हणाली, “मी काय मरत न्हाई एवढ्यात.”

त्याच वॉर्डात आमच्या मागच्या गल्लीतले एक काका होते. त्यांचा सीआरपी ३१. कधीच ५० च्या वर गेला नाही. स्वतःच्या पायानं बाथरूमला जात होते. सहाव्या रात्री गेले. ३१ चे काका गेले आणि ११२ ची आई परत आली. त्यांच्या मुलानं मला नंतर विचारलं, रिपोर्ट तर बरे होते, मग? माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारखान्यातली एक गोष्ट मात्र मनात आली, ती त्याला बोललो नाही. स्पेक्ट्रोचा नमुना बरोबर आला म्हणून प्रत्येक कास्टिंग बरोबर निघत नाही. शंभरात किती रिजेक्ट होतील ते मी सांगू शकतो. कुठलं, ते नाही. २०२० मध्येच एका संशोधनात असं दिसलं होतं की अत्यवस्थ कोविड पेशंटांपैकी किमान दहा टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला मारणारी प्रतिपिंडं आधीपासून होती. बहुतेक सगळे पुरुष. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू दिसताक्षणी वाजणारा पहिला भोंगा. भोंग्याचीच वायर कापलेली. असल्या माणसाचा सीआरपी किती का असेना. काकांचं तसं होतं की आणखी काही, ते कुणी तपासलं नाही, आणि त्या दिवसांत कोण तपासणार होतं.

आता निळी फाइल.

२०२४, जुलैचा शेवटचा आठवडा. पंचगंगा धोक्याच्या वर गेलेली. सेकंड शिफ्ट सुटून रात्री साडेअकराला सांगली फाट्याजवळ सर्व्हिस रोडला पाण्यात खड्डा दिसला नाही. एवढंच. उजव्या नडगीचं हाड बाहेर आलेलं मी स्वतः बघितलं, त्याचा रंग हस्तिदंती असतो, पांढरा नव्हे. शुद्ध गेली नाही, ही त्या रात्रीची एकच तक्रार.

कॅज्युअल्टीत रक्त घेतलं तेव्हा अपघाताला जेमतेम दोन तास झाले होते. पहाटे रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी १७,८००. सीआरपी ४. मी रेसिडेंट डॉक्टरला म्हटलं, “पाय हा असा आणि सीआरपी नॉर्मल? परत करा, चूक आहे.” पोरगा हसला. “काका, अजून लिव्हरला निरोप पोचायचाय.” बरोबर होतं त्याचं. आयएल-सिक्स मार लागल्यावर तास-दोन तासांत वर येतं. सीआरपी हलायलाच सहा-आठ तास लागतात, आणि शिखरावर जायला दीड-दोन दिवस. म्हणजे पहिल्या रात्रीचा सीआरपी हा मुळात अपघाताच्या आधीचा माणूस मोजतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६८. तिसऱ्या दिवशी १४८.

१४८! आईचा कधी ११२ च्या वर गेला नव्हता. मी घाबरून सर्जनना विचारलं, “मला इन्फेक्शन झालंय काय?”

“मार लागलाय,” ते म्हणाले. “शरीराला दोन्ही सारखंच.”

हे ‘दोन्ही सारखंच’ माझ्या डोक्यातून जाईना. आईच्या फुप्फुसात परका जीव शिरला होता. माझ्यात काय शिरलं? डांबर आणि पाणी. तेही पहिल्याच रात्री धुऊन काढलं होतं. पाय छताकडं टांगून पडलेल्या माणसाला वाचायला वेळ असतो. २०१० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये याचं एक उत्तर छापलं होतं, आणि ते वाचून मी शेजारच्या खाटेवरच्या हळदीच्या व्यापाऱ्याला उठवून सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, ऊर्जा बनवणारे. फार फार पूर्वी ते स्वतंत्र जंतू होते. मोठ्या पेशीच्या पोटात शिरले आणि तिथंच राहिले. त्यांचा डीएनए अजून जंतूंच्या धाटणीचा आहे. पेशी शाबूत असते तोवर हे कुणाला कळत नाही. पण हाड-मांस चिरडलं की ते फुटून रक्तात सांडतात, आणि पहारेकऱ्यांना वाटतं जंतू आले. शंभर पिढ्या घरात राहिलेला भाडेकरू दार मोडल्यावर अंगणात आला आणि पोलिसांनी चोर म्हणून धरला. व्यापारी म्हणाला, “झोपा आता.”

आणखी एक वाचलं, पुढच्याच वर्षीचं. भयंकर जखमी झालेल्या माणसांच्या पांढऱ्या पेशींमधली जनुकं तपासली, तर ८० टक्क्यांहून जास्त जनुकांचं काम बदललेलं. संशोधकांनी त्याला वादळ म्हटलंय. पण माझं लक्ष गेलं ते पुढच्या वाक्याकडं. जे सरळ बरे झाले आणि ज्यांची गुंतागुंत झाली, त्यांच्यात वादळ वेगळं नव्हतं. सगळ्यांत तेच. फरक एवढाच की ते केवढं मोठं होतं आणि किती दिवस टिकलं. म्हणजे परत पंचगंगाच.

मधल्या काळात मामा दोनदा येऊन गेले. त्यांचं म्हणणं, हे सळ्याबिळ्या काढायच्या, एका तालमीतल्या वस्तादाकडं जायचं, तो हाड बसवून लेप देतो, एकवीस दिवसांत पोरगं लाल मातीत. मामांच्या खांद्याचं काम त्यानं केलं होतं हे खरंच. पण माझ्या नडगीची त्यांनी चादर उचलून एकदा नीट पाहणी केली आणि मग पायाचं सूप आणून द्यायचं मान्य करून निघून गेले. रोज डबा भरून सूप. हाडाला किती लागलं माहीत नाही, शेजारच्या व्यापाऱ्याला फार लागलं.

सर्जननी पहिल्या रात्री जखम धुऊन हाड बाहेरून सळ्यांनी नुसतं धरून ठेवलं होतं; आतला रॉड पाचव्या दिवशी घालायचा. मला वाटलं ऑपरेशन थिएटर रिकामं नसेल. त्यांनी कारण सांगितलं. ऑपरेशन हाही मारच. पेटलेल्या शरीरावर लगेच दुसरा घाव घातला तर काही पेशंटांची फुप्फुसं, मूत्रपिंडं बिघडतात. बऱ्याच ठिकाणी मोडतोड झालेल्यांत तर मांडीचा रॉड कधी घालायचा याचा विचार करताना आयएल-सिक्ससुद्धा अभ्यासलं गेलंय. माझं एवढं मोठं नव्हतं, एकच हाड. पण सूज उतरू दे, जखमेची कड स्वच्छ दिसू दे. आणि भडक्यामागून थकवा येतो, तो वेगळा. मोठ्या मारानंतर लिम्फोसाइट पडतात, मोनोसाइट पेशींवरचं एचएलए-डीआर नावाचं निशाण कमी होतं, पहारा ढिला पडतो. ज्यांचं हे काही दिवसांत पूर्ववत होत नाही त्यांना पुढं जंतुसंसर्ग जास्त गाठतो. एचएलए-डीआर माझ्या रिपोर्टात नव्हतं, त्याला फ्लो सायटोमीटर नावाचं वेगळं यंत्र लागतं. लिम्फोसाइट होते.

ऑपरेशनच्या सकाळी सीआरपी ७१. दुसऱ्या दिवशी १३९. मी आता घाबरत नव्हतो. उलट मामांना सांगितलं, परवापासून उतरणार बघा. उतरलाही. ९६. मग ६२. फायलीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मी पेननं आलेख काढायला घेतला होता, कारखान्यात मशीनजवळ लावतो तसला. आडवे दिवस, उभा सीआरपी, ऑपरेशनच्या दिवशी बाण.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी ८४.

राउंडला आलेल्या रेसिडेंटला दाखवलं. ताप नव्हता. पट्टी कोरडी. दुखणं होतं तेवढंच. “लॅबचा फरक असेल काका, बघू उद्या.” त्याचं चुकलं म्हणत नाही, मीही एका सुट्या रीडिंगवर लाइन थांबवत नाही. पण या वेळी मी युनिट बघितलं, लॅबचं नाव बघितलं. तीच लॅब, तेच युनिट. दुसऱ्या दिवशी ११८. प्रोकॅल्सिटोनिनही केलं होतं; ते ०.३. रेसिडेंटचं म्हणणं, जंतुसंसर्ग असता तर हे वाढलं असतं.

सर्जन आले. फाइल मागितली, आणि मी चुकून ती उलटी दिली. पुठ्ठा वर. त्यांनी तो आलेख बघितला, सहाव्या दिवशीच्या खाचेवर बोट ठेवलं आणि काही न बोलता ड्रेसिंग ट्रॉली मागवली. पट्टी सोडली. टाके चांगले दिसत होते. सगळ्यांत खालच्या टाक्याच्या बाजूला त्यांनी अंगठ्यानं दाबलं, जरा जोरात. आधी काही नाही. मग दोन टाक्यांच्या मधून एक थेंब वर आला. डिंकाच्या रंगाचा. तेवढाच. त्यांनी तो कापसाच्या काडीवर घेतला आणि मला म्हणाले, “जेवण करू नका.”

संध्याकाळी परत ऑपरेशन थिएटर. आत हाडाजवळ थोडा पू साठत होता. धुऊन काढला, रॉड पक्का होता म्हणून ठेवला. कल्चरमध्ये, म्हणजे पू लॅबमध्ये वाढवून बघितल्यावर, स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू. प्रोकॅल्सिटोनिनचं त्यांनी रेसिडेंटला माझ्यासमोरच समजावलं: जंतू रक्तात पसरले की ते चढतं, एका जागी दबा धरून बसले तर बऱ्याचदा चढतच नाही. आणि पुढं, “हाडाच्या ऑपरेशननंतर सीआरपी वर जाणारच, त्याला कुणी विचारत नाही. दोन-तीन दिवसांनी उतरायला लागला की नाही, आणि उतरलेला परत वळला की नाही, तेवढं बघायचं.” रेसिडेंटनं मान हलवली आणि नंतर माझ्या आलेखाचा मोबाइलवर फोटो काढला.

तीन आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. १३१, ९०, ५२, ३३, १९. उतरतानाचा वेग आईच्या फायलीतल्या वेगाशी ताडून बघायचा मी प्रयत्न केला, जमलं नाही. तिच्यात स्टेरॉइड होतं. आई रोज दुपारी यायची. या वेळी तिला आत सोडत होते, हाच मोठा फरक. खुर्चीत बसून विचारायची, “आज पाणी किती फूट?” आणि मी सांगायचो.

गणपतीच्या आधी घरी आलो. शेवटचा रिपोर्ट सीआरपी ३.८, लिम्फोसाइट २९ टक्के. सर्जननी त्याच्याकडं बघितलंही नाही, एक्स-रे उजेडाकडं धरला आणि म्हणाले, “चालून दाखवा.”

परवा, या पावसाळ्यात, मोल्डिंगमधल्या एका सहकाऱ्याचा रात्री मेसेज आला. बायकोला डेंग्यू. “भावा, सीपीआर ४८ आलाय, काय करू?” मी विचारलं, ताप कितव्या दिवशीचा, उतरलाय काय? कारण डेंग्यूत ताप उतरला की खरी डोळ्यात तेल घालायची वेळ सुरू होते, आम्ही आईच्या वेळी सैल पडलो तसं तिथं पडून चालत नाही. पोट दुखतंय काय, उलट्या, कुठून रक्त? प्लेटलेट बघतोयस, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय, ते चढतंय का तेही बघ. आणि हा ४८ कशात आहे, काल किती होता? तो टाइप करत राहिला, मग थांबला, मग रिपोर्टाचा फोटो आला. आडवा, ट्यूबलाइटची रेघ पडलेला. आकडा स्पष्ट दिसत होता. युनिटचा रकाना कापला गेला होता.